डाव्या हाताचा फोटो

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी उजेडाच्या काचेवर लावला
रेणूच्या डाव्या हाताचा फोटो.
हाडांमधल्या फटी पेनाच्या टोकानं दाखवत म्हणाल्या,
मुलगी साडेआठची, बरोबर?
हा हात मात्र अकराचा आहे.

मानवतच्या मोंढ्यामागे माझं शिलाईचं दुकान.
मापात मी सहसा चुकत नाही.
वहीत एक पान रेणूचं आहे, अंगणवाडीपासून:
उंची, छाती, कंबर, बाही.
दर जूनला शिवणीत दोन बोटं कापड सोडतो,
वाढतं अंग म्हणून.
यंदा दिवाळीच्या आधीच ती दोन्ही बोटं उसवून संपली.
मी अनुसाला म्हटलं, बघ, लेकराला दूध लागलं.
अभिमानानं म्हटलं. ते आता आठवतं.

पौषातल्या एका मंगळवारी ती शाळेतून आली,
दप्तर पाठीवर नाही,
खाली, मागे धरलेलं.
दुकानात गिऱ्हाईक होतं. ती तशीच आत गेली.
मला ऐकू आलं ते एवढंच:
"आई, शप्पथ, मी कात्रीला हात नाही लावला."

निळ्या कापडावर तो डाग लाल दिसत नाही.
वीस वर्षं कापड हाताळतोय,
हे मला माहीत नव्हतं.

मग जो तो सांगू लागला.
शेजारीण म्हणाली कोंबडी बंद करा,
मेडिकलवाला पिशवीच्या दुधावर घसरला,
कुणी फवारणीवर, कुणी मोबाइलवर.
जिंतूरहून बहिणीचा फोन: काहून घाबरता?
साडी नेसवा, ओटी भरा, चार दिवस बाजूला बसवा,
आमचं नाही का झालं!
अनुसा म्हणाली, वन्सं, तिला अजून
वेणीचे तीन पेड धरता येत नाहीत.
फोन ठेवला, आणि रात्रभर
स्वतःलाच विचारत राहिली, मी काय खाऊ घातलं.

तुम्ही काही केलेलं नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
आज वर्गात सगळ्यांहून उंच आहे,
पण हाडं लवकर मिटली तर तिथंच थांबेल.
इंजेक्शन आहे, महिन्याला एक.
काही वर्षं थोपवता येतं.
आधी डोक्याचाही एक फोटो काढू, घाबरायचं कारण नाही.
घाबरायचं कारण नाही म्हटल्यावर
मी घाबरलो.
खर्च विचारायचा होता. तोंडातून निघालं,
तिला दुखतं का हो, ह्याच्यात?
त्या म्हणाल्या, तिलाच विचारा की.

दहा दिवस झाले होते.
कुणीच विचारलं नव्हतं.

येताना एसटीत तिनं तो फोटो खिडकीला लावला.
बाहेरच्या पऱ्हाट्या तिच्या बोटांमधून
मागे मागे जात राहिल्या.
"पप्पा, ह्याच्यात माझी मेंदी नाही आली."

त्या रात्री दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं.
विकतचे तिला मोठे होतात, चालताना काचतात,
हे तिनंच सांगितलं, पाथरी फाट्याच्या अलीकडे,
विचारल्यावर.
धुवून धुवून मऊ झालेलं सुती घेतलं, चार पदरी.
वीस वर्षांत पहिल्यांदा
माप न घेता कात्री चालवली.
मशीन अडखळत होतं का माझा पाय, कोण जाणे.
शाळेच्या स्कर्टाला आतून एक खिसा लावला,
बाहेरून टाका दिसणार नाही असा.

सोमवारी पहिलं इंजेक्शन आहे.
वहीतल्या तिच्या पानावर यंदाचं माप
अजून लिहिलेलं नाही.
पेन उघडतो, मिटतो.

आज धुणं भिजवताना अनुसानं तो आतला खिसा उलटा केला.
एक घडी, न वापरलेली,
आणि सात चिंचोके,
एका बाजूनं फरशीवर घासून पांढरे केलेले.
रेणू ओरडतच बाहेर आली,
आई, फेकू नको,
माझा डाव राहिलाय.